समोरच्या खोलीतली बायको

"विकतचा माइक? माझ्या घरात?" असं मी त्या बाईंना ज्या ठसक्यात म्हणालो, तो ठसका आठवला की अजूनही स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

त्या बाई तंजावरच्या इस्पितळात वाचा-उपचार करतात. बायकोच्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढल्याशिवाय गत्यंतर नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जीव वाचेल, खाणंपिणं होईल, बोलणं मात्र कायमचं जाईल. ऑपरेशनला सव्वीस दिवस होते. बाई म्हणाल्या, "तेवढ्यात यांचा आवाज कॉम्प्युटरवर भरून ठेवा. दोनतीन तासांचं स्वच्छ रेकॉर्डिंग हवं. नंतर या फोनवर जे लिहितील ते कॉम्प्युटर यांच्याच आवाजात बोलेल. बाजारात यूएसबीचे चांगले माइक मिळतात, एखादा घ्या."

मी जन्मभर पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेला माणूस. रिटायर झाल्यावरही देवळांचे, मंगल कार्यालयांचे अँप्लिफायर दुरुस्त करतो. बाजारातल्या त्या प्लास्टिकच्या खेळण्यांत आत काय माल भरतात ते मला ठाऊक आहे. आणि बायकोचा आवाज त्यात भरायचा? मी म्हटलं, मी करीन. माइकचा आवाज आत घेणारी आणि कॉम्प्युटरचा आवाज बाहेर सोडणारी, यूएसबीला जोडायची डबी. असली डबी की आमच्या कुंभकोणमात कुणी पाहिली नसेल.

बायको तेव्हा हसली होती. तिचं हसणं वाक्याच्या मधेच यायचं, म्हणजे अर्धं वाक्य हसण्यात बुडून जायचं आणि ते आपण ओळखायचं. म्हणाली, "करा, करा. पण माझं ऑपरेशन तुमच्या डबीसाठी थांबायचं नाही."

आता घराबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेल्यांपैकी. किती पिढ्या झाल्या ते मोजायचं आम्ही सोडून दिलंय. घरात मराठी बोलतो, दाराबाहेर तमिळ. मराठी आमच्या फक्त तोंडात आहे. लिहायचं ते सगळं तमिळमध्ये. मी हिंदीच्या परीक्षांपायी देवनागरी शिकलो, आणि पुण्याहून कुणी आलं की मासिकं मागून घेऊन वाचत गेलो, म्हणून हे लिहू तरी शकतोय. तेही पुस्तकी. घरात आम्ही असं बोलत नाही, पुण्याचे लोक आमचं बोलणं ऐकून कौतुकानं हसतात आणि पुन्हा बोलायला लावतात. बायकोला मराठीचं एक अक्षर लिहिता येत नाही. कधी गरजच पडली नाही. मूलबाळ झालं नाही, आईवडील गेले, म्हणजे या घरातलं मराठी आम्हा दोघांचंच. ती मला आणि मी तिला.

डबीला लागलो. नखाएवढी एक चिप असते, सगळं काम ती करते, तिच्या भोवती आपण नुसती सेवा करायची. पायांची रांग केसासारखी बारीक. भिंग लावून, श्वास रोखून एकेक पाय डकवायचा. हात थरथरतो हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन चिपा जळाल्या. तिसरी लागली, कॉम्प्युटरनं नवीन उपकरण सापडल्याची खूण दाखवली, तेव्हा मी पोरासारखा ओरडलो. बायको हात पुसत धावत आली, तिला वाटलं शॉक बसला.

पेटीही मला साधी नको होती. बाहेरचा खरखराट आत शिरू नये म्हणून धातूची पेटी लागते. मी बस पकडून नाचियारकोविलला गेलो आणि समया करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून पितळेची पेटी करून घेतली. त्यानं आपल्या मनानं झाकणावर समईसारखी कड काढून दिली. यात सतरा दिवस गेले. डोंबलाचं इलेक्ट्रॉनिक्स! सव्वीसातले सतरा.

अठराव्या दिवशी स्वयंपाकघरात टेबल मांडलं, बायकोला समोर बसवलं, म्हटलं बोल. ती बोलत सुटली. माझ्या आईनं तिला पहिल्या दिवशी रसम कसं शिकवलं, मी कसा लग्नात मंगळसूत्र उलटं धरलं, वाटेल ते. अर्धा तास. मग मी हेडफोन लावून ऐकलं, तर आवाजाच्या मागे एक बारीक गुणगुण. कुणीतरी तोंड मिटून एकच सूर धरून बसल्यासारखी. आतल्या घराची वायरिंग माझ्या वडिलांच्या काळची, तिच्यावरच फ्रिज, तिच्यावरच ग्राइंडर, अर्थिंगच्या नावानं शंख. गुणगुण तिथून येत होती. माझं डोकंच फिरलं. एवढी पितळी पेटी, एवढी चिप, आणि गुणगुण! मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

हो, पुसलं. खराब होतं ना ते.

समोरच्या खोलीची वायरिंग मी स्वतः केलेली, तिथे अर्थिंग पक्कं. तिथे माझं कामाचं टेबल. पोरं शिकवणीला यायची तीही तिथेच, अँप्लिफायर घेऊन गिऱ्हाइकं येतात तीही तिथेच. डबी तिथे नेऊन लावली आणि गुणगुण संपली. नुसती शांतता. इतकी स्वच्छ शांतता मी आयुष्यात कुठल्याच यंत्रातून ऐकली नव्हती. पुढचे सात दिवस रोज सकाळी बायको तिथे खुर्चीत बसायची आणि बोलायची. बाईंनी वाक्यांचा कागद दिला होता, तोही वाचायची. मी पडद्यावर हिरव्या रेघेकडे बघत बसायचो, रेघ लाल होऊ द्यायची नाही. "सरी," मी म्हणायचो, "आणखी एकदा." ती आणखी एकदा म्हणायची. चार तासांचं सोनं जमलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

ऑपरेशन झालं. गळ्यात भोक, त्यावर पांढरी जाळी. तीन आठवड्यांनी घरी आलो. फोनवर तिनं लिहायचं आणि समोरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरनं डबीतून बोलायचं, अशी व्यवस्था मी आधीच करून ठेवली होती. स्पीकर चांगले मोठे लावले होते, सगळ्या घरात ऐकू यावं म्हणून. ती स्वयंपाकघरात पाटावर बसली. मी तिच्या शेजारी उभा. तिनं फोनवर लिहिलं.

समोरच्या खोलीतून तिचा आवाज आला. "सार, साप्पिड वांगो."

सर, जेवायला या.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि असा पडला की मी खाली बसलो.

समोरच्या खोलीत आम्ही मराठी बोलत नाही. हा काही नियम नव्हे, कुणी घातलेला नाही. पण तिथे गिऱ्हाईक असतं, पोरं असतात, पोस्टमन येतो. त्या उंबऱ्यावर पाय पडला की आमची जीभ आपोआप वळते, माझ्या आईचीही वळायची. तिथे सगळे मला सार म्हणतात म्हणून बायकोही सार म्हणते. आतल्या घरात अहो. तिथला तिचा आवाजसुद्धा वेगळा, थोडा वरचा, नाकातला, अदबीचा, आल्यागेल्याला "उक्कारुंगो" म्हणून बसवणारा. सात दिवस ती तिथे बसून तमिळमध्ये बोलली होती आणि मीही 'बरं' म्हणायच्या जागी "सरी, सरी" करत होतो. माझ्या लक्षातही आलं नाही. मी रेघ बघत होतो. तिच्या लक्षात आलं होतं का, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

बैल गेला नि झोपा केला म्हणतात ना, तसं मी मग सगळं घर धुंडाळलं. फोनमधले व्हिडिओ काढले. लग्नं, बारशी, मागे नादस्वर वाजतोय, ती हसतेय, आणि बोलतेय ते तमिळमध्ये. चारचौघांत ती मराठी कशाला बोलेल? स्वयंपाकघरातली ती पुसलेली मराठी फाइल परत येते का म्हणून तीन दिवस कॉम्प्युटर उसवला. नाही आली. वर तिच्यावर सात दिवसांचं स्वच्छ तमिळ मीच लिहून ठेवलं होतं.

त्या प्रोग्राममध्ये भाषांची यादी होती, तीत मराठीही होती. मला वाटलं, आवाज तर आहे, भाषा ती मशीन आणेल. मी देवनागरीत लिहिलं: अहो, जेवायला चला. आवाज आला. गळा तिचाच होता, त्यात शंका नाही. पण बोलणं कुठल्यातरी बातम्या देणाऱ्या बाईचं. एकेक शब्द घासूनपुसून ठेवलेला, वाक्याच्या शेवटी आम्ही जो हेल काढतो तो नाही, मधे हसणं नाही. तिच्या गळ्यात कुणी दुसरीच शिरून बसली होती आणि मला जेवायला बोलावत होती. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. बायको उठली, समोरच्या खोलीत गेली आणि भिंतीतला प्लगच ओढून काढला. मग देवापाशी दिवा लावला. सकाळचे अकरा वाजले होते.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्लग दुसऱ्या दिवशी मीच पुन्हा लावला. तिला बोलायला काहीतरी हवं होतं. मराठी शब्द तमिळ अक्षरांत लिहून पाहिले, पण त्या अक्षरांत क आणि ग एकच, प आणि ब एकच. मी वाचायचो ते ऐकून तिनं पेन फेकलं. म्हणून मग तमिळ. आणि खरं सांगतो, त्या दिवसांत मला माझ्याच घराची भीती वाटू लागली.

मी समोरच्या खोलीत टेबलाशी सोल्डरचे डाग देत बसलेलो असायचो, एकटा, भर दुपारी, आणि माझ्या कानाशी बायको म्हणायची, "सार, कापी वेणुमा?" कॉफी हवी का. वळून पाहावं तर खुर्ची रिकामी, पितळी पेटीवरचा हिरवा दिवा चालू. ती पाठीमागे विहिरीपाशी असायची. कधी ती बाजारात गेलेली असायची, घरात मी एकटा, आतल्या खोलीत पडलेलो, आणि समोरून तिचा आवाज यायचा: दही आणू का, सार? बाजारातून फोनवर लिहायची बिचारी. व्यवस्था मीच केली होती तशी. पण आवाज घरात आणि माणूस बाहेर, ही सवय होत नाही हो. मी उत्तरही मोठ्यानं द्यायचो, त्या खोलीकडे तोंड करून. मग लक्षात यायचं, ऐकायला तिथे कुणी नाही.

शेजारच्या मामी खूश होत्या. बायकोलाही त्या मामीच म्हणतात; मामींचा आवाज आता अगदी पहिल्यासारखा आहे, म्हणायच्या. त्यांनी तिचा दुसरा आवाज कधी ऐकलाच नव्हता. दूधवाला तर स्पीकरकडे बघूनच बोलायचा, ती शेजारी उभी असली तरी.

एकदा आम्ही दोघं स्वामीमलैला दर्शनाला गेलो होतो. परत आलो तर मामी म्हणाल्या, "मघाशी मी हाक मारली, तर मामी आतून 'यारु', कोण आहे, म्हणाल्या. मग दार का नाही उघडलंत?" मी बायकोकडे बघितलं. तिनं मान हलवली, नाही. फोन काढून दाखवला, सकाळपासून तिनं काही लिहिलं नव्हतं. आता, इंटरनेट अडकलं की जुनं एखादं वाक्य मागे राहतं आणि लाइन आली की बाहेर पडतं, हे मला कळतं. मी मामींना तसं सांगितलंही. त्यांनी हो हो केलं. पण बायको त्या दिवशी समोरच्या दारानं आत आली नाही, गल्लीतून वळसा घालून मागच्या दारानं आली. आणि लाज वाटते सांगायला, मीही तिच्या मागोमाग तिकडूनच आलो.

त्या दिवसापासून आतल्या घरात तिनं फोन हातात घेणं बंद केलं. ती नुसते ओठ हलवायची. आवाज नाही, श्वासही नाही, कारण तिचा श्वास आता गळ्यातल्या भोकातून जातो. पण ओठ मराठी बोलायचे. हे मला कळायला दोन दिवस लागले. ती काहीतरी म्हणाली, ओठ मिटले, उघडले, आणि मी म्हटलं, "भात लागला?" तिनं इतक्या जोरात मान हलवली की डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. भात खरंच लागला होता, तो तसाच लागत राहिला.

अडतीस वर्षं त्या तोंडाकडे बघून काढल्यावर ओठ वाचायला वेगळं शिकावं लागत नाही. फक्त बरोबर समजलं की नाही याची खात्री हवी, म्हणून ती जे म्हणेल ते मी मोठ्यानं म्हणायचो आणि ती मान हलवायची. "उद्या एकादशी आहे." हो. "ती पाल पुन्हा आली." हो. "मी थोडी पडते." हो. आधी ती म्हणायची आणि मग मी. हळूहळू मधलं अंतर गेलं. तिचे ओठ हलत असतानाच माझ्या तोंडातून तिचं बोलणं यायचं, मी पडते, मी दमले, मी येते, आणि लगेच त्याच तोंडातून माझं उत्तर. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारा एकटाच राहतो आणि स्वतःशी भांडतो. मी सुखात होतो. घरात पुन्हा मराठी चालू झालं होतं. ते सगळं एकाच आवाजात आहे, हे मला खटकलंच नाही. तीसुद्धा शांत दिसायची. फक्त मी तिचं बोलणं बोलत असताना ती माझ्या तोंडाकडे फार निरखून बघायची, शिवणाऱ्या बाईच्या हाताकडे बघावं तशी.

परवा दुपारी ती वालाच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसलो होतो.

"ऊन कमी झालं नाही," मी तिचं म्हटलं. "नाही ना," मी माझं म्हटलं.

"तुमच्या बहिणीला फोन करा."

"करतो संध्याकाळी."

"माझा घरातला आवाज कसा होता, ते मला आठवत नाही."

हे वाक्य मी अगदी सहज म्हणून टाकलं, शेंगांकडे बघत. मग माझंच मला ऐकू आलं. मी वर पाहिलं. ती हात थांबवून माझ्याकडे बघत होती. पुन्हा ओठ हलले आणि मी, काय म्हणावं या सवयीला, तेही म्हणून दिलं: "तुम्हाला आठवतो?"

"आठवतो तर!" हे माझं. "असं काय विचारतेस? आठवणार नाही?"

"मग काढून दाखवा."

मी डोळे मिटले. विहिरीपासून मारलेली हाक. रसमची गोष्ट. मंगळसूत्राची गोष्ट, ती तर तिनं हजार वेळा सांगितलेली. शब्द सगळे होते. कोणत्या शब्दानंतर ती हसायची तेही ठाऊक होतं. पण ऐकायला गेलो की समोरच्या खोलीतून यायचं, सार, साप्पिड वांगो. मी मान झटकली, पुन्हा आत गेलो, आणखी मागे गेलो, लग्नाच्या पहिल्या वर्षात गेलो. तिथेही तीच बसली होती, अदबीनं. अडतीस वर्षांतलं एक अहो मला माझ्या कानांत सापडेना. एकसुद्धा नाही.

डोळे उघडले तेव्हा ती वाट बघत होती. अर्धी सोललेली शेंग हातात, मान थोडी पुढे. तिच्या तोंडावर अशी आशा होती की मला ती बघवेना.

मग मी प्रयत्न केला. आवाज बारीक केला, मधे हसलो, शेवटी हेल काढला. "अहो," मी म्हटलं, "किती वेळ त्या डबीपाशी बसणार? पानं वाढलीत."

तिनं पूर्ण ऐकलं. मान कलती करून, एकही अक्षर सांडू न देता. मग तिचे ओठ हलले, दोनच शब्द.

ही कोण?

ते मात्र मी मोठ्यानं म्हटलं नाही.